घाट उतरण्याआधी तिथी बघा: ओहोटीच्या किनाऱ्यावर वाइड अँगल फोटो

साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे गुहागर. सांगली-मिरजेच्या मंडळींना कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट हा रत्नागिरीचा रस्ता पाठ असतो. विटा-कराडकडच्यांच्या तर दारावरूनच गुहागर-विजापूर रस्ता जातो. समुद्र इतका हाताशी असल्यामुळे बेत ठरतो तो सुट्टी बघून. फोटोसाठी जायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी तिथी बघा, मग रजा टाका.

कारण लेन्समध्येच आहे. फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ ते २४ मिमी किंवा क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) १० ते १६ मिमी ही वाइड अँगल लेन्स दूरचं सगळं बारीक करून टाकते. १६ मिमीवर मावळता सूर्य फोटोच्या रुंदीच्या जेमतेम अडीचशेव्या भागाएवढा येतो. हर्णैच्या किनाऱ्यावरून डोळ्यांत भरणारा सुवर्णदुर्ग फोटोत एका काळ्या पट्टीएवढा उरतो. वाइड अँगलचा फोटो उभा राहतो तो तुमच्या पायांपुढच्या दीड-दोन मीटरांवर. तिथे उघडा कातळ असेल, आरशासारखी ओली वाळू असेल की नुसतं गढूळ पाणी, हे भरती-ओहोटी ठरवते. कॅमेरा कितीही भारी असला तरी पाण्याखालचा खडक त्याला दिसत नाही.

तिथीवरून पाण्याचा अंदाज

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी लागते, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा यासाठी सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण घरी कॅलेंडरसमोर बसून तारीख निवडायला एवढं पुरतं.

नेमकी वेळ आणि उंची मात्र तक्त्यातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, आणि मोबाइलवरची अ‍ॅपंही आहेत. बंदर निवडताना रत्नागिरीचा फोटो काढायला मुंबईचा तक्ता धरू नका. भरती दक्षिणेकडून वर सरकत येत असल्याने रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी लागते. शिवाय भरती-ओहोटीतला फरक मुंबईकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होत जातो. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. तेव्हा वेळेच्या शेजारचा उंचीचा आकडाही वाचा. आकडा जितका लहान, तितका जास्त कातळ उघडा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही टोकं जवळ येतात. तो भांग. आता हे आणि पाऊणपटीचा हिशेब एकत्र ठेवून बघा. उधाणाच्या दिवसांत कोकणात पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे सर्वांत खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या उजेडाजवळ पडते. सगळ्या किनाऱ्यांना ही सोय मिळत नाही. कोकणाला ती फुकट मिळालेली आहे.

त्यातही उत्तम दिवस पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यानंतरचे: प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. उधाणाचा जोर या दिवसांतही असतो, कारण सर्वांत मोठा फरक बहुधा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पावणेआठला. हिवाळ्यात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो तेव्हा पाणी अजून उतरत असतं. उतरत्या पाण्याचे दोन फायदे. मागे राहिलेली वाळू पायाच्या एकाही ठशाशिवाय ओली आणि चकचकीत असते, आणि आपण खडकावर असताना पाणी आपल्यापासून दूर जात असतं. शुद्ध द्वितीयेला पश्चिमेला कोरही असते, पण वाइड अँगलमध्ये ती टाचणीच्या टोकाएवढी येईल हे धरून चाला.

उलट त्रयोदशी-चतुर्दशी फसवी. ओहोटी दुपारी चार-साडेचारला होऊन जाते. सूर्यास्ताला पोहोचलेल्या माणसाला उघडा कातळ दिसतो, तो खुशाल टोकाला जाऊन ट्रायपॉड लावतो, आणि रंग भरात येतात तेव्हाच पाण्याच्या चढण्याला वेग येतो. पौर्णिमा-अमावास्येला नेमक्या त्याच दिवशी जाणार असाल तर ओहोटी साडेपाचच्या आसपास धरा आणि सूर्य बुडेपर्यंत पाणी फिरलेलं असेल हे डोक्यात ठेवा.

अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी भरती असते, खडक बुडालेले असतात आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अरुंद होते. वाइड अँगलसाठी हा दिवस कमकुवत. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी मात्र भरतीच लागते, कारण पाणी अरुंद घळीत घुसून उंच उसळतं. उधाणाची भरती दुपारच्या रखरखीत उन्हात येते आणि अष्टमीची संध्याकाळची भरती बेताची असते. म्हणून तिथे पंचमी-षष्ठी-सप्तमी हा मधला मार्ग: भरती पावणेचार ते सव्वापाच आणि ऊन कललेलं. फोटो लांबूनच काढा. घळीच्या ओठावर वाइड अँगल घेऊन जाण्याची ती जागा नाही.

पाणी किती वेगाने चढतं

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. तक्त्यात ओहोटी-भरतीतला फरक २.४ मीटर असेल तर तासागणिक २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर. पहिल्या तासात काहीच होत नाहीसं वाटतं, आणि माणूस निर्धास्त होतो तो याच तासात.

तिसऱ्या तासात उभी चढण मिनिटाला एक सेंटिमीटर. पुळणीचा उतार दर ५० मीटरला एक मीटर असेल तर पाण्याची कड मिनिटाला अर्धा मीटर आत सरकते. सपाट कातळावर याहून घातक गोष्ट घडते: पाणी समोरून येण्याआधी मागून येतं. तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधला सखल पट्टा आधी भरतो. म्हणून खडकावर जाताना वाटेत ओलांडलेली सर्वांत खोल जागा लक्षात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून तीच बघा. तिच्यात पाणी वाहू लागलं की सामान आवरायचं, आकाश कितीही रंगलेलं असो.

तक्त्यातला आकडा शांत समुद्राचा असतो. वारा आणि दूरवरच्या वादळातून आलेल्या लांब लाटा त्यात धरलेल्या नसतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या दिवशी तो बघाच. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवून पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, आणि दोन घोळक्यांमध्ये कितीतरी मिनिटं समुद्र गरीब दिसतो. खडकाचा जो भाग ओला आणि काळाभोर आहे तिथपर्यंत लाट आलेली आहे. कोरड्या, फिक्या खडकाच्या अलीकडेच तुमची बॅग राहील.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातळावर उतरण्याचा विचारच नको. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि समुद्र जाणणारेही होड्या वर ओढून ठेवतात. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ. मार्च-एप्रिलमध्ये क्षितिजावर धुरकट पट्टा साचतो आणि सूर्य त्यातच विरतो. मेच्या उत्तरार्धात ढग झकास येतात, पण वाराही येतो.

पायाखालचं काय निवडायचं

कोकणच्या किनाऱ्यावर दोन प्रकारचे खडक भेटतात. काळा बेसाल्ट, आणि तांबडा जांभा, म्हणजे आपल्या कास-चाळकेवाडीच्या सड्यावरचाच दगड. बेसाल्टचा सपाट कातळ ओहोटीला डबकी आणि भेगांसकट उघडा पडतो. फोरग्राउंडसाठी, म्हणजे फोटोतल्या पुढच्या भागासाठी, याहून चांगलं काही नाही. जांभा रंगाला सुंदर, पण त्याच्या कड्याच्या टोकावर उभं राहू नका, कारण खालून लाटांनी तो पोखरलेला असतो.

खडक नसेल तर वाळू वाचा. ओहोटी लागली की बारीक खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळू चाळतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या बिळाभोवती ओळींनी टाकतात. ही नक्षी पुढच्या भरतीपर्यंतच टिकते, आणि एक पाऊल पडलं की गेली. म्हणून आधी दुरून बघून चालण्याची वाट ठरवा. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यांवर जड काळी वाळू पांढऱ्या वाळूपासून लाटेने वेगळी होते आणि परतणारं पाणी तिच्या रेघा ओढून जातं. त्यावर तिरपा उजेड पडला की कॅमेरा अगदी खाली न्यायचा.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्यास्त समुद्रात, पण बरोबर पश्चिमेला फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ. डिसेंबरअखेर तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश डावीकडे आणि जूनअखेर तितकाच उजवीकडे बुडतो. हिवाळ्यात उत्तर टोकाला टेकडी असलेली पुळण घेतली तर सूर्य आणि टेकडी दोन बाजूंना येतात. सकाळी सूर्य सह्याद्रीमागून येतो, किनाऱ्यावर ऊन उशिरा पोहोचतं आणि तोवर तासभर मऊ, बिनसावलीचा उजेड मिळतो. खडकाचा पोत आणि हिरवं शेवाळ दाखवायला संध्याकाळपेक्षा हीच वेळ चांगली, आणि गर्दीही नसते.

कॅमेऱ्याची उंची

इथे एक नियम पाठ करून ठेवा: क्षितिजाची रेघ फोटोत नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर त्याच जमिनीवरचा ६० सेंटिमीटरचा दगड क्षितिजाला भोसकून वर डोकावणार आणि ४० सेंटिमीटरचा खालीच राहणार. दगडाचं टोक क्षितिजाला चिकटलं की चित्र अडतं. तेव्हा कॅमेरा इतपत वर घ्या की टोक आणि क्षितिज यांच्यामध्ये पाण्याची एक मोकळी पट्टी दिसेल.

कॅमेरा फार खाली नेला तर मधलं पाणी दबून बारीक रेघ होतं आणि पुढचा दगड नि मागचं आकाश असे दोनच तुकडे उरतात. बहुतेक ठिकाणी ५० ते ९० सेंटिमीटर उंची आणि मुख्य दगडापासून ६०-८० सेंटिमीटर अंतर जमून येतं. वाळूवरच्या नक्षीला मात्र ३०-४० सेंटिमीटर. लेन्स खाली झुकवली की कोपऱ्यातले गोल दगड अंड्यासारखे ताणले जातात. महत्त्वाची वस्तू कोपऱ्यात ठेवू नका आणि सोबतचा माणूस तर कडेला मुळीच नको. क्षितिज तिरकं ठेवून घरी सरळ करू म्हणाल तर ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत एका अंशाला शंभरावर पिक्सेलचा चढ येतो. तो सरळ करताना नेमका कडेचा फेस कापला जातो. कॅमेऱ्यातली लेव्हल सुरू ठेवा.

फोकस

पुढचा दगड आणि क्षितिज दोन्ही स्पष्ट हवे असतील तर फुलफ्रेमवर १६ मिमी आणि एफ ११ ला (एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) सुमारे ०.८ मीटरवर फोकस करा. ४० सेंटिमीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. एफ ८ ला हेच अंतर १.१ मीटर. २४ मिमी, एफ ११ ला १.८ मीटर, आणि मग ९० सेंटिमीटरच्या आतलं काही घेऊ नका. क्रॉप सेन्सरवर १० मिमी, एफ ८ ला ६५ सेंटिमीटर पुरतात. मोठा प्रिंट काढायचा असेल तर फोकस तितकाच ठेवून अ‍ॅपर्चर एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं, बारीक करा. एफ १६ च्या पलीकडे जाऊ नका, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो, शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन दिसतो.

फोकस उजेड असतानाच लावा, मॅन्युअलवर न्या आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. संधिप्रकाशात हलत्या फेसावर ऑटोफोकस भरकटतो.

लाट आणि शटर

उसळलेलं पाणी थेंबाथेंबात हवं तर १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर. धुक्यासारखं गुळगुळीत हवं तर ३० सेकंद. लाटेला लाट यायला आठ-दहा सेकंद लागत असतील तर तेवढ्यात तीन-चार लाटा येऊन जातात आणि सगळे आकार पुसले जातात. आमच्या मते हा परिणाम फार वापरून झाला आहे आणि कोकणच्या जिवंत समुद्राला तो शोभतही नाही. खरी मजा १/४ ते १ सेकंदाच्या पट्ट्यात आहे.

या पट्ट्यात पाण्याच्या रेघा येतात, आणि त्या कुठे जातात हे तुम्ही शटर कधी दाबता त्यावर ठरतं. येणाऱ्या लाटेवर दाबलं तर पांढरा गोळा. लाट वर चढून क्षणभर थबकली आणि परत फिरली की दाबा: परतणारं पाणी दगडांना वळसे घालत लेन्सकडून समुद्राकडे रेघा ओढत जातं आणि नजर आपोआप क्षितिजाकडे नेतं. रेघा तुटक आल्या तर शटर थोडा लांबवा, दुधाळ झाल्या तर कमी करा. अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करून दर लाटेला एक असे दहा-बारा फोटो घ्या, कारण दोन लाटा सारख्या परतत नाहीत.

सूर्य क्षितिजावर असताना आयएसओ १००, एफ ११ ला शटर १/३० च्या आसपास येतो. त्याला एनडी ८, म्हणजे उजेड ३ स्टॉपने कमी करणारा काळसर फिल्टर लावला की पाव सेकंद, एनडी ६४ ने २ सेकंद, आणि एनडी १००० ने अर्ध्या मिनिटावर. एकच घ्यायचा असेल तर एनडी ८ घ्या. सूर्य बुडून पंधरा-वीस मिनिटं झाली की फिल्टरशिवायच अर्धा ते दोन सेकंद मिळतात. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर ओसरतो, तेव्हा या वेळेत फिल्टरशी खेळत बसू नका.

पोलरायझर ओल्या खडकावरची चकाकी काढून त्याचा खरा रंग दाखवतो. पण २० मिमीच्या आत त्याने आकाशात एका बाजूला गडद डाग पडतो. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तेव्हाही तो काढून ठेवा, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जाईल. दोन फिल्टर एकावर एक चढवले की १६ मिमीला कोपरे काळे होतात. पातळ कडेचा एकच फिल्टर बरा. पुढे फुगीर काच असलेल्या लेन्सना स्क्रूचा फिल्टर बसतच नाही, हे लेन्स घेण्याआधी पाहा.

आकाश आणि काळा कातळ एका एक्स्पोजरमध्ये मावत नसतील तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घ्या. जोडताना पाणी मात्र एकाच फोटोतलं ठेवा. तिन्हींतल्या लाटा वेगळ्या असतात आणि सॉफ्टवेअरवर सोडलं तर फेसाची भुतं तयार होतात. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला पक्का करा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाची रेघ वेगळी बघा. सूर्यास्ताला लालच आधी जळतो, एकत्र आलेखात ते कळत नाही.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी उजेड आहे तोवर अल्ट्रावाइड वापरावा. तिन्हीसांजेला मुख्य कॅमेऱ्यावर यावं, कारण अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुधा लहान असतो आणि अंधारात वाळूचा चिखल करतो.

ट्रायपॉड वाळूत का हलतो

पाय नुसते टेकवले तर लाट परतताना त्यांच्याभोवतीची वाळू सैल करून नेते आणि ट्रायपॉड मिलिमीटरभर खचतो. एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तेवढ्याने खडकच हलतो. पाय पूर्ण फाकवा, दाबून बसवा, दोन लाटा जाऊ द्या, पुन्हा दाबा, मग लेव्हल बघा. पाणी घोट्याच्या वर येत असेल तर जागा बदला. पाय उघडताना सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण ओढा, म्हणजे त्याचं लॉक खाऱ्या पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतं. मधली दांडी वर घेऊ नका. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात तो फडफडतो. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, आणि लाटेची वेळ साधायची असेल तर रिमोटच.

हा सराव समुद्रावर जाऊन करायची गरज नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या फिरवणारा वारा आहे, तिथे ट्रायपॉड स्थिर राहिला तर किनाऱ्यावर राहील. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीत आयर्विन पुलाजवळचा कृष्णाकाठ इथे हिवाळ्यात पाणी कमी असताना जवळचा दगड, उंची आणि फोकस यांचा हात बसवून घ्या. धरणातून विसर्ग चालू असेल तेव्हा पात्रात उतरायचं नाही.

खार, दमट हवा आणि अंधार

लाटा फुटत असतील तिथे दहा मिनिटांत काचेवर खारे थेंब बसतात. स्क्रीनवर ते दिसत नाहीत, सूर्य समोर असला की फोटोत धुरकट चकत्या उमटतात. कोरड्या फडक्याने घासलं तर मीठ आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. अशी चार-पाच मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. लेन्स बदलायची तर गाडीत बसून. एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की दमट हवेत काच आतबाहेर धुरकटते; बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. गाडीचा एसी चिपळूणच्या पुढे बंद केला तर हा वेळही वाचतो.

पायात पकड असलेले रबरी तळाचे बूट किंवा पट्ट्याच्या सँडल. हिरव्या शेवाळावर कुठलाच तळ टिकत नाही, त्यावर पाय टाकूच नका. खडकावर कालवं असतात, त्यांच्या कडेने तळपाय चिरतो, म्हणून अनवाणी नाही. समुद्राकडे पाठ करून बॅग आवरू नका. खाडीच्या मुखापाशी ओहोटीचा ओढा जोरदार असतो आणि चिखलात पाय रुततो, तिथे पाण्यात उतरणं टाळा. जागा नवी असेल तर आधी गावातल्या कोळी मंडळींना विचारा. कुठे पाणी मागून भरतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. सोबत कोणीतरी हवंच.

परतताना अंधार असतो, हेडलॅम्प लागतो. पण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, आणि पांढऱ्या उजेडाने बिचकून मागे फिरतात. लाल दिवा वापरा, तो खाली धरा आणि भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत कमीत कमी फिरा. कुंपण घातलेली घरटी दिसली तर लांबूनच जा.

मुक्कामी पोहोचल्यावर जेवणाआधी ट्रायपॉडचे सगळे भाग ओढून गोड्या पाण्याखाली धुवा, लॉक फिरवून आतली वाळू काढा आणि पाय उघडे ठेवूनच वाळवा. मिटून ठेवला तर सकाळी लॉक करकरतं आणि महिन्याभरात गंजतं. कॅमेऱ्याची बॉडी ओलसर फडक्याने पुसा, बटणांच्या कडा आणि फिल्टरची आटी विसरू नका. मीठ बसलेला फिल्टर लेन्सवर तसाच राहिला तर नंतर निघत नाही. घाट चढून घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून उन्हात घाला, आणि लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय बॉक्समध्ये ठेवा. ड्राय बॉक्स नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि त्याचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. पाटण-महाबळेश्वर भागात पावसाळ्यात हे जेल वरचेवर वाळवावं लागतं, नाहीतर किनाऱ्यावरून वाचून आलेल्या लेन्सला घरातच बुरशी धरते.